ज्याची डाय, त्याची गाडी

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीचं आयुष्य नियमाने वीस वर्षं, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात आठवणींचा पूर आला: टपावरचं कॅरिअर, स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा, मीटर पाडल्याचा आवाज. आठवणी खऱ्याच आहेत. पण ही गाडी बनवणारी कंपनी का संपली, हा प्रश्न त्या पुरात वाहून गेला. ठाणे जिल्ह्याने तरी तो विचारायला हवा, कारण प्रीमियरचा कुर्ल्याखालोखालचा कारखाना आपल्याच हद्दीत, कल्याण-शीळ रस्त्यावर होता. तिथे आता गृहसंकुलं आहेत आणि ‘प्रीमियर मैदान’ हे नाव सभांच्या बातम्यांत तेवढं येतं.

या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असं: १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि जुन्या कंपन्यांचा टिकाव लागला नाही. हे उत्तर मृत्यूची तारीख सांगतं, आजार सांगत नाही. आजार त्याआधी निदान वीस वर्षं अंगात होता.

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सुरुवात क्रायस्लरच्या गाड्या जोडण्यापासून झाली, मग फियाटशी करार झाला. १९६४ पासून इथे बनू लागलेली फियाट ११०० डी नावं बदलत पद्मिनी झाली आणि २००० सालापर्यंत बनत राहिली. इटलीत ती १९६० च्या दशकातच बंद झाली होती. १०८९ सीसीचं इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह, मागे पाटे. इतक्या वर्षांत बदललं ते पुढची जाळी, दिवे, सीट आणि असंच वरवरचं. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती. ती १९५० च्या दशकाअखेर सुरू झाली आणि मे २०१४ मध्ये थांबली. त्याच कंपनीची कॉन्टेसा ही ब्रिटनमध्ये बंद झालेली व्हॉक्सहॉल व्हिक्टर. मद्रासच्या स्टँडर्डने १९८५ मध्ये आणलेल्या ‘२०००’ला रोव्हरची बॉडी होती आणि आत त्याहून कितीतरी जुन्या पिढीचं इंजिन. प्रीमियर ११८ एनईची बॉडी फियाट १२४ ची, इंजिन निसानचं. १९९० च्या दशकात प्यूजोशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यातून जी ३०९ काढली, ती प्यूजोने युरोपात १९९३ मध्येच बंद केली होती. आपल्याकडे ती नवी गाडी म्हणून विकायला ठेवली गेली. त्या भागीदारीत पुढे कामगारांशी वाद झाले, पैसे भरलेल्या ग्राहकांची फरफट झाली, प्यूजो निघून गेली. हे सगळं घडलं नसतं तरी ती गाडी फार वर्षं चालली नसती.

या यादीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. परदेशात उतरवलेलं मॉडेल निवडायचं, बहुतेक वेळा त्याच्या जुन्या डाय (पत्र्याला दाबून आकार देणारे साचे) आणि फिक्श्चर (जोडताना भाग जागेवर धरणारे सांगाडे) विकत घ्यायचे, जहाजाने आणून आपल्या प्रेसवर चढवायचे आणि मग ते झिजेपर्यंत ओढायचे.

कंपन्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. परवान्यात ठरलेल्या आकड्याच्या वर गाड्या काढता येत नव्हत्या. नवी यंत्रं आणायची तर परकीय चलन नव्हतं. किमतीवर सरकारचं नियंत्रण होतं, आणि त्यावरून प्रीमियरने सरकारविरुद्ध लढवलेला खटला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. १९८० च्या आसपास सगळ्या देशात वर्षाला तीस-पस्तीस हजार मोटारी बनत. एवढ्या आकड्यावर नव्या मॉडेलचा खर्च वसूल होत नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबलेलं होतं, त्यामुळे गाडी सुधारण्याची निकड कुणालाच नव्हती. सरकारने संरक्षण दिलं आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली: गाडीतले किती टक्के भाग देशात बनतात ते दाखवा. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड वर्षभरात इथून गेल्या त्या याच अटीमुळे. अट वाईट नव्हती. तिच्यामुळे ब्रेक, गिअर, रेडिएटर, स्प्रिंग, बॅटरी यांचे कारखाने मुंबई-ठाणे पट्ट्यात उभे राहिले. पद्मिनीचे नव्वद टक्क्यांहून जास्त भाग देशी झाले.

पुढचं मॉडेल कोण काढणार, हे मात्र कुणी विचारलंच नाही. टक्केवारी पूर्ण भरलेली आणि गाडी तीस वर्षं जुनी, अशी ती अवस्था होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: मोटार देशी आहे की नाही, हे बोनेटवरच्या नावाने ठरत नाही आणि सुट्या भागांच्या टक्केवारीनेही पुरतं ठरत नाही. तिच्या पुढच्या मॉडेलच्या डाय कोण बनवतं आणि ड्रॉइंगवर खाडाखोड करायचा हक्क कोणाकडे आहे, यावर ते ठरतं. हा हक्क आणि ही कारागिरी ज्या देशाकडे असते, त्याचा ब्रँड बुडाला तरी दुसरा उभा राहतो. ती नसेल तर ब्रँड कितीही जपला तरी ते नुसतं नाव राहतं. अँबॅसडरचं तेच झालं. २०१७ मध्ये ते नाव ८० कोटी रुपयांना प्यूजोला विकलं गेलं.

डाय म्हणजे काय आणि तिच्यात एवढं काय असतं, हे जवळून पाहिल्याशिवाय मुद्दा पटायचा नाही. बोनेटचा वरचा पत्रा घ्या. जाडी ०.७ मिलिमीटरच्या आसपास, खोल ओढकामासाठी बनवलेला मऊ पोलादी पत्रा, शॉपमध्ये त्याला ईडीडी म्हणतात. हा एक पत्रा चार-पाच डायमधून जातो. पहिली मापाचा तुकडा कापते. दुसरी ड्रॉ डाय, म्हणजे खरा आकार देणारी: खाली पंच, वर त्याच आकाराची पोकळी, आणि कडेने पत्रा दाबून धरणारा ब्लँक होल्डर. पुढच्या डाय कडा कापतात, भोकं पाडतात, कडा दुमडतात.

अडचण ड्रॉ डायमध्ये येते. ब्लँक होल्डरचा दाब कमी पडला तर पत्रा सैल आत येतो आणि सुरकुत्या पडतात. दाब जास्त झाला तर पत्रा आत सरकत नाही, ताणला जातो आणि कोपऱ्यात फाटतो. म्हणून कडेने ड्रॉ बीड देतात. हा उंचवटा पत्र्याला काही जागी अडवतो, काही जागी मोकळा सोडतो. तो कुठे किती उंच ठेवायचा हे आता संगणकावर बरंचसं कळतं, तरी शेवटचं काम ट्रायआउटच्या, म्हणजे डाय चालवून पाहण्याच्या, प्रेसवरच होतं. पत्रा निघाला की त्यावर ऑइल स्टोन फिरवतात. दगडाच्या खुणा जिथे उमटत नाहीत तिथे खड्डा. हाताला न लागणारा तो खड्डा रंग चढल्यावर उन्हात चटकन दिसतो. त्यात स्प्रिंगबॅक वेगळाच. प्रेस उघडल्यावर पत्रा थोडा मागे उसळतो, म्हणून डाय मुद्दाम जास्त वाकवून बनवावी लागते. किती जास्त, ते पत्र्याच्या जातीवर अवलंबून. पोलादाचा पुरवठादार बदलला तरी हिशेब चुकतो.

मग स्पॉटिंग. डायला निळा रंग लावून पंच बसवतात, रंग कुठे लागला ते पाहतात, उंच जागा हाताने घासतात, पुन्हा लावतात. कडा कापणाऱ्या डायमध्ये पंच आणि डाय यांच्यातली फट पत्र्याच्या जाडीच्या पाच ते दहा टक्के ठेवायची असते, म्हणजे ०.७ च्या पत्र्याला मिलिमीटरचा सुमारे विसावा भाग. ती फट वाढली की कडेला बर, म्हणजे पत्र्याची बाहेर आलेली धारदार कोर, येते. बर आलेली कड दुसऱ्या पत्र्याला नीट टेकत नाही, स्पॉट वेल्डिंग कच्चं बसतं, रंग त्या कडेवर धरत नाही आणि पहिल्या पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो. जुन्या गाड्यांच्या दाराखालच्या पट्ट्या आणि फ्लोअरचे पत्रे कोकणपट्टीत लवकर सडत, त्याला हवा जशी कारण होती तशी ही झीजही. दार आणि खांब यांच्यातली फट एका गाडीत चार मिलिमीटर आणि पुढच्या गाडीत सात, हेही झिजलेल्या डाय आणि सैल झालेल्या वेल्डिंग फिक्श्चरचंच लक्षण.

नवीन ड्रॉ डाय ड्रॉइंगपासून मंजूर पत्र्यापर्यंत यायला सहज वर्ष जातं, आणि एका गाडीच्या बॉडीत दाबकामाचे दोन-अडीचशे भाग असतात. या वर्षभरात जे शिकणं होतं ते कुठल्याच करारात लिहून मिळत नाही. जुनी डाय विकत घेतली की लोखंड येतं, तिच्यामागची कारणं येत नाहीत. हा कोपरा इथे असाच का गोल केला, बीड इथेच का तोडली, हे माहीत असलेला माणूस तुरीनला किंवा कॉव्हेंट्रीला राहतो. आपला फिटर ती डाय चालू ठेवू शकतो, दुरुस्त करू शकतो, आणि आपल्या फिटरांनी ते काम अप्रतिम केलं. पण पुढची डाय काढायची वेळ त्याच्यावर आलीच नाही.

याच्या उलट उदाहरण फार दूर नाही. सुमंत मुळगावकरांनी १९६६ मध्ये पुण्यात टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पसारा मांडला तेव्हा आधी ट्रक काढला नाही. आधी मशीन टूल आणि प्रेस टूल बनवणारे विभाग उभे केले. त्या वेळी हे पैसे अडकवणं अनेकांना अनाठायी वाटलं असेल. त्याचं फळ तीस वर्षांनी आलं. १९९८ च्या अखेरीस इंडिका बाजारात आली, तिच्यावर सुमारे १,७०० कोटी रुपये खर्च झाले. तेवढ्यात नवी कोरी गाडी काढणं परदेशी कंपन्यांना अशक्य वाटत होतं. बॉडीच्या रेखाटनासाठी तुरीनच्या आयडिया इन्स्टिट्यूटची मदत घेतली. आणि गाडी जोडायची लाइन? ती निसानच्या ऑस्ट्रेलियातल्या बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून, जहाजाने आणून पुण्यात पुन्हा उभी केली.

लाइन जुनी, गाडी मात्र स्वतःची. प्रीमियर आणि टेल्को दोघांनीही परदेशातून जुनं सामान आणलं. एकाने मॉडेल जुनं आणलं, दुसऱ्याने यंत्रं जुनी आणली आणि ड्रॉइंग आपलं ठेवलं. पहिल्या इंडिकांबद्दल तक्रारी भरपूर आल्या. पण ड्रॉइंग हातात असल्यामुळे दोष शोधून, भाग बदलून २००१ मध्ये इंडिका व्ही-टू बाजारात आली आणि ती चालली. परदेशी कंपनीच्या परवानगीने बनवलेल्या गाडीत असा दोष निघाला असता तर पत्रव्यवहारातच वर्ष गेलं असतं. २००२ ची स्कॉर्पिओ महिंद्राने याच धर्तीवर नाशिकला काढली. आज देशी म्हणवणाऱ्या ज्या दोन कंपन्या मोटारींच्या बाजारात पाय रोवून आहेत, त्या याच दोन आहेत.

कोरियाचं उदाहरण लोक देतात, पण अर्धवट देतात. ह्युंदाईची स्थापना १९६७ ची, म्हणजे प्रीमियरहून तेवीस वर्षांनी लहान. सुरुवातीला तीही फोर्डची कॉर्टिना जोडत होती. १९७५ ची पोनी इटालियन डिझायनर जुजारोने रेखाटलेली आणि मित्सुबिशीच्या इंजिनवर चालणारी. स्वतःचं इंजिन, अल्फा, १९९१ मध्ये आलं. संरक्षण तिथेही होतं, आपल्याइतकंच कडक. पण आल्याच्या पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, पोनी परदेशात विकायला निघाली. निर्यात करायची म्हटल्यावर जुनं मॉडेल ओढत बसता येत नाही; परक्या बाजारातलं गिऱ्हाईक नंबर लावून थांबत नाही. मलेशियाने १९८३ मध्ये प्रोटॉन काढली तीही मित्सुबिशीच्या आधाराने. राष्ट्रीय गाडी म्हणून तिला अनेक दशकं जपलं आणि २०१७ मध्ये ४९.९ टक्के हिस्सा चीनच्या जीलीला गेला. ज्या ऑस्ट्रेलियातून टेल्कोने लाइन आणली, त्या देशात तर त्याच वर्षी २० ऑक्टोबरला होल्डनचा कारखाना बंद झाला आणि मोटार बनवणंच संपलं.

आता ठाण्याकडे. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची, आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक वसाहतीचा) पट्टा झाला. मोटारींच्या मोठ्या कारखान्यांचं खरं बळ या गाळ्यांत होतं. एक मध्यम आकाराची डाय बनवायची तर थर्मोकोलचा पॅटर्न लागतो, त्यावरून ओतीव काम, मग व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर) मशीनिंग, बारीक कामाला विजेच्या तारेने कापणारं वायरकट, डी-टू या कडक पोलादाच्या कापणाऱ्या भागांना हीट ट्रीटमेंट, नंतर ग्राइंडिंग, मग फिटर, शेवटी ट्रायआउटला मोठा प्रेस. हे आठही लोक एकमेकांपासून टेम्पोच्या एका फेरीच्या अंतरावर असतील तर चूक त्याच दिवशी सुधारते. डी-टूचा तुकडा ५८ ते ६० रॉकवेलला (कडकपणाचं माप) कडक करताना आतला कोपरा धारदार राहिला असेल तर तो तडकतो. भट्टीवाला शेजारच्या गल्लीत असेल तर फोन करून सांगतो, ‘कोपऱ्याला रेडियस द्या, मगच टाकतो.’ तोच भिवंडी किंवा चाकणला गेला की तडकलेला तुकडा चार दिवसांनी परत येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

साखळी अशी एकेक कडी निसटून तुटते. वागळेत गाळ्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, टीटीसीत आयटी पार्क आणि डेटा सेंटर. शेजारी रहिवासी इमारती झाल्या की दोनशे टनांच्या प्रेसचा रात्रपाळीतला हादरा लोकांना नकोसा होतो, आणि ती तक्रार रास्त आहे. गाळ्याच्या मालकाला जागेच्या भाड्यातून मिळणारा पैसा प्रेसच्या धंद्यापेक्षा जास्त आणि बिनघोर असेल तर त्यालाही दोष देता येत नाही. दोष आहे तो औद्योगिक जमिनीकडे फक्त जमीन म्हणून बघणाऱ्या धोरणाचा. मुंब्र्याला भारत गिअर्ससारखा कारखाना अजून गिअर कापतो, रबाळे-महाप्यात टूलरूम, म्हणजे डाय-साचे बनवणाऱ्या कार्यशाळा, अजून आहेत. अजून आहेत, म्हणूनच हे लिहायची घाई.

माणसांचंही तेच. आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, चुनाभट्टीला आयडीईएमआयसारखी सरकारी टूलरूम आहे. पण ट्रेड पास झालेला मुलगा हाताने स्पॉटिंग करू लागायला पुढची आठ-दहा वर्षं उस्तादाच्या शेजारी उभं राहावं लागतं. त्या वर्षांतला पगार डिलिव्हरीच्या कामाहून फार वेगळा नसेल तर तो थांबणार नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मालकी परदेशी असली म्हणून काय बिघडलं? मारुतीत सुझुकीचा हिस्सा सुरुवातीला २६ टक्के होता, १९९२ मध्ये तो निम्मा झाला, २००७ पर्यंत सरकार पूर्ण बाहेर पडलं. तरी सुट्या भागांच्या छोट्या कारखानदाराला गुणवत्ता शिकवण्याचं काम प्रीमियर-हिंदुस्थानपेक्षा मारुतीने कितीतरी जास्त केलं. वेळेवर माल, नापास मालाचा हिशेब, पुरवठादाराच्या शॉपमध्ये जाऊन बसणारा इंजिनिअर, हे सगळं तिच्यामुळे रुळलं. हे मान्य करायलाच हवं. देशी मालकी ही गुणवत्तेची हमी नाही.

पण निर्णय कुठे होतो याला किंमत असते. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात विक्री थांबवली. हालोलचा कारखाना चीनच्या एसएआयसीच्या एमजीकडे गेला, तळेगावचा पुढे ह्युंदाईकडे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. साणंदचा कारखाना टाटांनी २०२३ मध्ये घेतला. या गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांकडे डाय होत्या, पण बहुतेक वेळा त्यांवर मालकी कंपनीची असते. पुरवठादार फक्त त्या सांभाळतो. कंपनी गेली की डाय कपाटासारखी कोपऱ्यात पडून राहते. तीवर दुसऱ्यासाठी माल काढता येत नाही आणि ती भंगारातही घालता येत नाही. डेट्रॉइटमधल्या एका बैठकीनंतर रबाळ्यातल्या गाळ्याची अर्धी जागा अशी अडकते.

आणि आता वीजमोटारी. इथे जुना खेळ नव्या सामानाने सुरू झाला आहे, म्हणून हा सगळा इतिहास उगाळला. बाहेरचं रूप आपलं, ब्रँड आपला, डाय बऱ्याच अंशी आपल्या. पण गाडीच्या किमतीचा सुमारे तिसरा हिस्सा असलेल्या बॅटरीतला सेल बाहेरचा. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई सारख्या इथेच घडवलेल्या गाड्यांतही सेल बीवायडीचे आहेत. टाटांची अग्रतास साणंदला सेलचा कारखाना उभारते आहे, ही चांगली गोष्ट. पण ५० गिगावॉट-तास क्षमतेसाठी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या १८,१०० कोटींच्या सेल योजनेतून ठरल्या मुदतीत फारच थोडं उभं राहिलं. मोटरमधल्या चुंबकांचं तर विचारूच नका. निओडिमियम चुंबक गरम झाल्यावर ताकद गमावू नये म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. चीनने एप्रिल २०२५ मध्ये अशा सात धातूंच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर परवाने लावले आणि काही आठवड्यांतच इथल्या कारखान्यांची उत्पादनाची गणितं कोलमडली. खनिज केरळ-ओडिशाच्या वाळूत आहे. ते चुंबकापर्यंत नेण्याची कला आपण दुर्लक्षित ठेवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, हे उशिरा का होईना योग्य पाऊल आहे.

बॅटरी पॅकच्या आत काय चालतं ते पाहा. एलएफपीचा (लिथियम आयर्न फॉस्फेट) एक सेल साधारण ३.२ व्होल्टचा, शंभर सेल एका ओळीत जोडले की ३२० व्होल्ट. त्यातला एक कमजोर झाला तर चार्जिंग त्याच्यापाशी थांबतं, कारण तो आधी भरतो, आणि गाडी चालताना तोच आधी रिकामा होतो. बाकी नव्व्याण्णव ठणठणीत असूनही गाडीची रेंज घटते. तांत्रिकदृष्ट्या तो सेल असलेला मॉड्यूल (सेलचा गट) बदलणं शक्य असतं, जर जोडणी वेल्डिंगऐवजी बोल्टची असेल: नवा सेल जुन्यांच्या व्होल्टेजला आणि अंतर्गत रोधाला जुळवून निवडायचा, बसबारचे बोल्ट ठरल्या टॉर्कला कसायचे, झाकणाचं गॅस्केट नवंच घालायचं, मग हवेचा दाब देऊन गळती तपासायची. गॅस्केट जुनंच लावलं तर आयपी ६७ ची, म्हणजे पाणी-धूळ आत न शिरण्याची, खात्री गेली, आणि पहिल्या तुंबलेल्या भुयारी मार्गात पाणी आत. तुर्भ्यातला चांगला मेकॅनिक हे सगळं शिकू शकतो. पण बीएमएसचं (बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेचं) सॉफ्टवेअर कुलूपबंद असलं की नवा मॉड्यूल ओळखलाच जात नाही आणि ग्राहकाच्या हाती पूर्ण पॅकचं बिल येतं. जुन्या काळी जे डायचं होतं ते आता बीएमएसच्या सॉफ्टवेअरचं आहे. वस्तू आपल्या हातात, तिच्यामागची कारणं दुसऱ्याकडे.

सरकारी योजना अजूनही १९५३ च्याच मापाने मोजतात. मोटारींसाठीची २५,९३८ कोटींची पीएलआय (उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची) योजना ५० टक्के देशी मूल्यवृद्धी मागते. मार्च २०२४ च्या वीजमोटार धोरणात ४,१५० कोटी गुंतवणाऱ्या परदेशी कंपनीला वर्षाला ८,००० गाड्या १५ टक्के शुल्कात आणता येतात, अट अशी की तीन वर्षांत २५ आणि पाच वर्षांत ५० टक्के मूल्यवृद्धी दाखवावी. राज्याची टोलमाफीही घ्या. २२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवरून वीजमोटार फुकट जाते. ती कुठे घडली हे टोलनाका विचारत नाही. टक्केवारी मोजणं सोपं वाटतं, पण तेही सोपं राहिलेलं नाही. सुटे भाग आणले की जोडायचा संच आणला, या एका प्रश्नावर सीमाशुल्क विभागाने २०२४ मध्ये स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाकडे १.४ अब्ज डॉलरची मागणी केली. कंपनीला ती मान्य नाही, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं.

मागण्या म्हणून सांगायचं तर पहिली हीच: प्रोत्साहन घेणाऱ्या कंपनीने टक्केवारीसोबत दोन गोष्टी जाहीर कराव्यात. या मॉडेलच्या बॉडी डाय, साचे आणि वेल्डिंग फिक्श्चर यांपैकी किती देशात बनले, आणि बीएमएस, मोटर कंट्रोलर यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करण्याचा हक्क देशातल्या कंपनीकडे आहे का. हा हक्क असणाऱ्याला प्रोत्साहन जास्त, नसणाऱ्याला कमी. कंपनीने गाशा गुंडाळला तर सुट्या भागांच्या डाय ठरावीक मुदतीनंतर पुरवठादाराच्या मालकीच्या व्हाव्यात, ही अट करारातच असावी. ग्राहकालाही पुढची दहा वर्षं भाग मिळतील. वॉरंटी संपल्यावर पॅकमधला मॉड्यूल बदलण्यासाठी लागणारं निदानाचं साधन योग्य शुल्क घेऊन बाहेरच्या वर्कशॉपला देणं बंधनकारक करावं.

दुसरी मागणी आपल्या पट्ट्यापुरती. केंद्राची एमएसई-सीडीपी नावाची क्लस्टर योजना आहे. तिच्यातून छोट्या उद्योगांच्या समूहाला सामायिक सुविधा केंद्रासाठी अनुदान मिळतं. रबाळे किंवा महाप्यात अशा केंद्रात आठशे ते हजार टनांचा ट्रायआउट प्रेस, मोठ्या पलंगाचं सीएमएम (मापं तपासणारं यंत्र) आणि व्हॅक्यूम हीट ट्रीटमेंटची भट्टी असावी. या तीन वस्तू एकट्या गाळेवाल्याला परवडत नाहीत, आणि त्यांच्यावाचूनच मोठ्या पत्र्याच्या डायची ऑर्डर पुण्याला किंवा परदेशात जाते. टीटीसीतले जे भूखंड अजून अभियांत्रिकी उद्योगाकडे आहेत, त्यांचा वापर बदलायचा अर्ज आला की आधी त्या साखळीतली कुठली कडी जाणार आहे ते तपासावं, आणि ती शेवटची असेल तर बदल नाकारावा. तिथे ट्रेड पास झालेल्या मुलांना पहिली पाच वर्षं टिकून राहण्यासाठी शिकाऊ वेतनात सरकारी भर द्यावी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लघुउद्योजकांच्या संघटनांनी हा प्रस्ताव एमआयडीसीकडे एकत्र न्यायला हवा. साठीला आलेले डायमेकर अजून कामावर आहेत तोवरच त्यांच्या शेजारी मुलं उभी करता येतील.